अकरा टाक्यांची जखम

माणूस शवागारात, आणि मोबाइलमध्ये त्याच माणसाची जखम छान भरत आलेली. एकतीस वर्षांच्या नोकरीत मेट्रनबाईंनी असली केस पाहिली नव्हती.

सकाळी नऊला मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. ते दवाखान्याचे अधीक्षक. बोलायला लागले की पाल्हाळ लावायचे, पण आज तीन वाक्यांत आटोपले. "शिंपी काल रात्री गेला. चार वाजता समिती बसते आहे. त्याआधी मला कळायला हवं, कुणाचं चुकलं."

मेट्रनबाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. आता त्या दवाखान्यातच रुग्ण तक्रार कक्ष चालवायच्या. कक्ष म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि डोळे पुसायच्या कागदांचा एक डबा. डबा आठवड्याला एक लागायचा.

आज समोरच्या खुर्चीत शिंप्याची मुलगी बसली होती. तिने डब्याला हात लावला नाही. पिशवीतून एक लांबट, कोपरे झिजलेली वही काढली आणि टेबलावर ठेवली.

"बाबांची मापाची वही आहे. तुमच्या मोबाइलात काय आहे मला माहीत नाही. ह्यात काय आहे ते बघा."

मोबाइलात काय होतं ते मेट्रनबाईंनी आधीच पाहिलं होतं. दवाखान्याने एक अ‍ॅप करून घेतलं होतं. पेशंट ऑपरेशननंतर दोन दिवसांत घरी. रोज सकाळी सातला अ‍ॅप आठवण करणार. पेशंटने जखमेचा फोटो काढून पाठवायचा आणि पाच चेहऱ्यांतला एक निवडायचा, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. नऊ वाजता डेस्कवरची सिस्टर फोटो बघून उत्तर पाठवणार. चाचणीसाठी चाळीस पेशंट घेतले होते. शिंपीकाका त्यांतले एक. अपेंडिक्सचं साधं ऑपरेशन झालेलं. नवव्या दिवशी टाके काढायला यायचं होतं. नवव्या दिवशी मुलीने त्यांना टॅक्सीत आडवं घालून आणलं. पोटभर पू झाला होता.

तरी आठही दिवसांचे फोटो स्वच्छ होते. कडा गुलाबी, टाके सरळ. आणि रोजचं उत्तर एकच: 'छान! तुमची जखम सुंदर भरते आहे.'

मेट्रनबाईंनी वही उघडली. कोटांची, सदऱ्यांची मापं संपली होती तिथे एका पानावर शिंप्याने स्वतःचं पोट काढलं होतं. त्यावर तिरकी रेघ आणि रेघेवर आडवे टाके. खाली बारीक अक्षरात: 'नऊ टाके. तिसरा वाकडा.'

"हे काय?"

"त्यांना राहवेना. म्हणाले, असला टाका मी घातला असता तर गिऱ्हाइकाने कपडा तोंडावर फेकला असता." मुलीला क्षणभर हसू आलं आणि तिथेच विरलं. "मग रोज मापाचा टेप लावून मोजायला लागले. लाली किती पसरली ते."

पुढच्या पानांवर एकेका दिवसाची नोंद होती. 'पहिला दिवस. लाली नाही.' 'तिसरा. पाव इंच.' 'चौथा. पाऊण इंच, गरम.' 'पाचवा. दीड.' 'सहावा. सव्वादोन. वास येतो.'

"दवाखान्यात का नाही आणलंत?"

"मी आणणारच होते. रोज भांडत होते. ते मोबाइल पुढे करायचे. म्हणायचे, दवाखान्याला फोटो दिसतोय ना, ते छान म्हणतायत, आपण काय डॉक्टर आहोत?" तिने वहीची कड चाचपली. "मी पण वाचायचे. मला पण वाटायचं, म्हणत असतील तर असेल."

मेट्रनबाईंनी शेवटचं पान वाचलं आणि वही मिटली. मग मोबाइलवरचा पहिला फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि पेनच्या टोकाने टाके मोजले. पुन्हा मोजले.

अकरा. एकही वाकडा नाही.

"ही तुमच्या बाबांची जखम नाही," त्या म्हणाल्या.

पुवाने, रक्ताने, गँगरीनच्या पायाने त्यांना कधी किळस आली नव्हती. त्या निर्मळ, गुलाबी फोटोने आली.

अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीचा डिझायनर दुपारी येणार होता. मेट्रनबाईंनी त्याला अकराला बोलावलं. दवाखान्यात त्याला सगळे रंगारी म्हणत, कारण मीटिंगमध्ये तो रंगांशिवाय दुसरं काही बोलायचा नाही. आला तेव्हा त्याचं तोंड सुकलं होतं. फोटो पाहिल्यावर उरलासुरला रंगही उडाला.

"मॅडम, हे माझे फोटो आहेत."

"तुमचं पोट?"

"नाही हो! म्हणजे माझ्या नमुन्यातले. डिझाइन करायचं तर जखम कशी भरते ते दाखवायला काहीतरी लागतं. आठ महिन्यांपूर्वी मागवले होते."

"कोणी पाठवले?"

"डेस्कच्या ईमेलवरून आले. 'नमुना जखम, पेशंटची परवानगी आहे', एवढंच लिहिलं होतं. कोणाची, ते मी विचारलं नाही."

"का?"

"सुंदर होती. मला तशीच हवी होती."

मेट्रनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तसं त्याने डोळे खाली घातले.

"आता हे सांगा, शिंप्याच्या खात्यात हे फोटो गेले कसे?"

"त्यात एक बटण आहे. 'फोटो बदला'. पाहुण्यांना अ‍ॅप दाखवताना खऱ्या पेशंटची जखम भिंतीवर लावता येत नाही. म्हणून संगणकातला दुसरा फोटो तिथे घालायचा, पाहुणे गेले की खरा परत. खरा परत घातला नाही तर रात्री पुसला जातो. हे चाचणीपुरतंच होतं. काढायचं राहिलं."

"शिंप्याच्या फोनमध्ये खरे असतील?"

"नाही. फोनमध्ये राहत नाहीत. क्लायंटचं म्हणणं होतं की असले किळसवाणे फोटो घरच्यांना दिसायला नकोत."

"क्लायंट म्हणजे कोण?"

"दवाखाना."

"दवाखान्याला भिंती असतात, तोंड नसतं. बोललं कोण?"

"मीटिंगला सगळेच असायचे मॅडम. डेप्युटीसाहेब, तुमचे कॉम्प्युटरवाले, जाहिरातवाल्या बाई. कोण काय म्हणालं ते आता..." त्याने हात पसरले.

"फोटो कोणी, कधी बदलले, त्याची नोंद असेलच."

होती. रंगाऱ्याने लॅपटॉप फिरवला. चौथ्या दिवशी चार फोटो बदललेले. पाचव्यापासून रोज एक. नावाच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द: 'डेस्क'.

"वेळ कुठे आहे?"

"वेळ काढून टाकली. तारीख पुरे, स्क्रीन मोकळी दिसली पाहिजे, असं सांगण्यात आलं."

"पहिले तीन दिवस जखम बरी होती. मग ते फोटो का बदलले?"

मेट्रनबाईंना उत्तर ठाऊक होतं. चौथ्या दिवशी नऊ टाक्यांचे अकरा झाले असते तर कुणाच्या तरी डोळ्यांत आलं असतं. हे करणारा घाबरून गेलेला नव्हता. त्याने मागचा-पुढचा विचार केला होता.

"तुमचे नमुने दाखवा. सगळे."

रंगाऱ्याने उघडले. सात होते. पाचव्या दिवसाचा नव्हता.

"तो आलाच नव्हता. मी चौथा आरशासारखा उलटा करून पाचवा म्हणून वापरला. कुणाला कळलं नाही."

मेट्रनबाईंनी शिंप्याच्या खात्यातला पाचवा फोटो उघडला. उलटा नव्हता. तीच जखम, एका दिवसाने जास्त भरलेली. फक्त बाकीच्यांपेक्षा हा फोटो अरुंद होता. डावीकडून कापलेला.

त्यांनी रंगाऱ्याला पाणी दिलं. "प्या. आणि चारपर्यंत कुठे जाऊ नका."

डेप्युटीसाहेब म्हणजे उपअधीक्षक. त्यांची खोली थंडगार होती आणि तिला लिंबाचा वास होता. त्यांच्या टेबलावर पत्र तयार होतं. धाकट्या सिस्टरला बडतर्फ करावं, नर्सिंग कौन्सिलने तिची नोंदणी रद्द करावी, पोलिसांनी गुन्हा दाखल करावा. फक्त समितीच्या सह्या बाकी होत्या. धाकटी म्हणजे डेस्कवरची सिस्टर. तिला मेट्रनबाईंनीच शिकवलं होतं.

"घाई झाली नाही का, साहेब?"

"घाई? माणूस मेलाय, बाई." त्यांनी फाइल पुढे सरकवली, आणि ती सरकवताना कागदाची धार बोटाला लागली. थेंबभर रक्त. शिपाई धावत चिकटपट्टी घेऊन आला. "ही नको रे! हिने मला फोड येतात, शंभरदा सांगितलंय. कागदी आण."

शिपाई पळाला. साहेब बोट चोखत राहिले.

"फोटो त्याचे नाहीत, बदललेले आहेत," मेट्रनबाई म्हणाल्या.

साहेब थांबले. मग हळूच मान हलवली. "असं? मग तर सरळच झालं. डेस्कवर कोण बसतं? जखम लाल दिसली की तिला पेशंटला फोन करावा लागतो, डॉक्टरला बोलवावं लागतं, फॉर्म भरावे लागतात. त्यापेक्षा फोटो बदलला की सुटलो. कामचुकारपणाची पण हद्द असते."

"डेस्कचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

"असायला तिलाच हवा."

"आहे कोणाला?"

"ते मला काय माहीत? मी साडेसातला येतो, तुम्हा सगळ्यांच्या आधी. माझ्या कामातून मान वर काढायला सवड नसते. बारा दवाखान्यांना हे अ‍ॅप हवंय. चौथ्याच दिवशी त्यांची माणसं येऊन बघून गेली. खूश होऊन गेली. आणि ह्या एका मुलीमुळे..." त्यांनी आवाज खाली आणला. "मेट्रनबाई, मी फक्त कागद हलवणारा माणूस नाही. गेल्या वर्षी मी स्वतः ह्याच दवाखान्यात आडवा झालो होतो. पेशंटचं दुखणं काय असतं ते मला विचारा."

शिपाई कागदी पट्टी घेऊन आला. साहेबांनी ती नीट, चारी बाजूंनी दाबून लावली.

धाकटी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. युनिफॉर्म काढून मांडीवर घडी करून ठेवला होता.

"घाल तो," मेट्रनबाई म्हणाल्या. "चारपर्यंत तू सिस्टर आहेस."

"आणि चारनंतर?"

"चारनंतरचं चारला. पासवर्ड कुठे असतो?"

धाकटी कसनुसं हसली. "कीबोर्डखाली. चिकटपट्टीवर लिहून लावलाय. मी आले तेव्हापासून तिथेच आहे. डॉक्टर, क्लार्क, सफाईवाल्या मावशी, सगळ्यांना माहीत आहे. विसरला की लोक मलाच विचारतात."

"डेस्कवर कधीपासून आहेस?"

"तीन महिने. त्याआधी बालविभागात होते. तुम्हीच तर म्हणालात, जा, नवीन काहीतरी शीक."

"शिंप्याने चेहरे कुठले निवडले?"

"चौथ्या दिवसापासून रडका. रोज. पण चेहऱ्यावर जायचं नाही, फोटोवर जायचं, असा लेखी हुकूम आहे. रडकं तोंड कोणीही दाबतं म्हणे."

"तू काहीच केलं नाहीस?"

"सहाव्या दिवशी फोन केला, बाई. ते म्हणाले, सिस्टर, वास येतोय. मी फोटो मोठा करून बघितला. एकदम स्वच्छ. आमच्याकडे चाळीस जखमा, शर्टाच्या बटणाएवढ्या दिसतात. ही मी मुद्दाम मोठी करून बघितली. आणि त्यांना म्हटलं, काका, घामाचा असेल." ती रडायला लागली. "तुम्ही शिकवलंत ना, पेशंट काय म्हणतो ते ऐका, पण जखम काय म्हणते ते बघा. मी जखमच बघितली."

मेट्रनबाईंनी शिकवलं होतं खरं. त्या काळी जखम खोटं बोलत नसे.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "तोंड धू."

ड्रेसिंगरूममध्ये ड्रेसरमामा गॉझचे चौकोन कापत होते. अठ्ठावीस वर्षं ते जखमा बांधत होते आणि माणसांपेक्षा जखमा जास्त लक्षात ठेवायचे. मेट्रनबाईंनी फोटो पुढे धरला.

"मामा, ही ओळखता?"

मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "वॉर्डातली नाही."

"कशावरून?"

"कडेला बघा, टेपचा व्रण. चिकटपट्टीने कातडी अशी राहत नाही, केस उपटून येतात. हा कागदी टेप. तो वॉर्डाला मिळत नाही. खासगी खोलीवाल्यांना, तोही ज्यांना पुरळ येतं त्यांना. चिठ्ठी लिहून स्टोअरमधून आणावा लागतो. त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवतो, नाहीतर मलाच चोर म्हणतील."

"आणि टाके?"

मामा कौतुकाने हसले. "हे टाके कोण विसरेल? मोठ्या डॉक्टरांचे. गाठी बघा, सगळ्या डावीकडे. डावखुरा माणूस दुसरा कोण आहे आपल्याकडे? पण ते हल्ली अपेंडिक्स कुठे करतात? ते शिकाऊ पोरांना सोडतात. कोणी खास असेल तरच."

"कागदी टेपच्या चिठ्ठ्या काढा. गेल्या वर्षीच्या."

पाच निघाल्या. एक गुडघा, दोन बाळंतिणी, एक थायरॉइड. पाचवी अपेंडिक्सची होती. मेट्रनबाईंनी तिच्यावरचं नाव वाचलं, चिठ्ठीची घडी केली आणि खिशात ठेवली.

"काय हो बाई, बरं वाटत नाही का?" मामांनी विचारलं. "तोंड असं का केलंत?"

"घाण वास येतोय, मामा."

मामांनी नाक वर करून हुंगलं. खोलीत नुसता स्पिरिटचा वास होता.

चार वाजता समिती बसली. लांब टेबलाच्या एका टोकाला मोठे डॉक्टर, त्यांच्या उजव्या हाताला डेप्युटीसाहेब. एका बाजूला रंगारी, दुसऱ्या बाजूला धाकटी, युनिफॉर्ममध्ये. शिंप्याच्या मुलीला बसवू नये असं साहेबांचं म्हणणं होतं. मेट्रनबाईंनी तिला स्वतःशेजारी बसवलं. भिंतीवरच्या पडद्यावर अ‍ॅप चालू होतं: पिकलेल्या पीचसारखा रंग, चाळीस पेशंटांचे चाळीस गोल, आणि त्यांत अजूनही शिंप्याच्या नावाचा गुलाबी जखमेचा गोल.

"थोडक्यात सांगा," मोठे डॉक्टर म्हणाले.

"सांगते. शिंप्याच्या जखमेला नऊ टाके होते, तिसरा वाकडा. त्याने वहीत काढून ठेवलंय, आणि टाका ओळखायला शिंप्याइतका पक्का साक्षीदार कोर्टालाही मिळणार नाही. अ‍ॅपमधल्या जखमेला अकरा. म्हणजे फोटो बदलले. नोंद म्हणते, डेस्कने बदलले. डेस्कचा पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला आहे. तेव्हा डेस्क म्हणजे आपण सगळेच."

"मी म्हटलं होतं..." साहेबांनी सुरुवात केली.

"माझं होऊ द्या. हेच फोटो आठ महिन्यांपूर्वी ह्या डिझायनरला नमुना म्हणून पाठवले गेले. तेव्हा ही मुलगी बालविभागात होती. तिच्याकडे हे फोटो असायचं कारण नाही. मग डिझायनर? त्याच्याकडे सातच आहेत. पाचवा त्याने चौथा उलटा करून बनवला. शिंप्याच्या खात्यात पाचवा खरा आहे. म्हणजे ज्याने बदलले त्याच्याकडे आठही होते. असे आठही कोणाकडे असतील? ज्याने काढले त्याच्याकडे."

रंगाऱ्याने डोळे मिटून श्वास सोडला.

"पाचवा नमुन्यात का पाठवला नाही? कारण त्यात काहीतरी होतं जे दाखवायचं नव्हतं. नंतर शिंप्यासाठी आठ दिवस भरायला तो लागलाच, तेव्हा डावीकडून कापून घातला. काय कापलं ते मला माहीत नाही. माझा अंदाज, शर्ट वर धरणारा हात. माणूस स्वतःच्या पोटाचा फोटो काढतो तेव्हा एका हातात मोबाइल असतो आणि दुसऱ्यात शर्ट."

मेट्रनबाईंनी मोबाइलवर फोटोची कड मोठी केली.

"जखमेच्या कडेला कागदी टेपचा व्रण आहे. तो टेप गेल्या वर्षी पाचच जणांना दिला गेला. त्यांत अपेंडिक्स एक." त्यांनी चिठ्ठी काढून मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवली. "आणि डॉक्टर, टाके कोणाचे आहेत ते तुम्ही सांगा. तुम्ही हे फोटो अजून पाहिलेले नाहीत."

मोठ्या डॉक्टरांनी डाव्या हाताने चष्मा चढवला. फोटो पाहिला, मग चिठ्ठी.

"माझे आहेत," ते म्हणाले. "अकरा. तू म्हणालास, व्रण दिसता कामा नये, म्हणून जवळजवळ घातले." त्यांनी उजवीकडे पाहिलं नाही.

डेप्युटीसाहेब हसले. "हा काय तमाशा आहे? टेप, गाठी... हे सगळे तर्क झाले. अशी पोटं पन्नास असतील."

"असतील," मेट्रनबाई म्हणाल्या. "पहिल्या फोटोत तिसऱ्या टाक्याखाली दोन तीळ आहेत, एकमेकांना चिकटून. शर्ट वर करा, साहेब."

साहेबांचा हात शर्टाच्या टोकाकडे गेला. शर्ट आधीच खोचलेला होता. त्यांनी तो आणखी आत खोचला. बोटावरची कागदी पट्टी सगळ्यांना दिसली.

"मला... मारायचं नव्हतं कोणाला," ते म्हणाले.

"ते माहीत आहे. तुमच्याकडे फक्त पाहुणे यायचे होते."

"चौथ्या दिवशी दहा वाजता यायचे होते. सकाळी बघतो तर चाळीसातला एक लाल. मोठ्या पडद्यावर! म्हटलं, एक दिवसाचा प्रश्न. संध्याकाळी खरा परत घालू, डॉक्टरला सांगू. माझे फोटो संगणकातच होते. अ‍ॅपचं काम सुरू झालं तेव्हा मीच तर पाठवले होते, फुकटात." त्यांना घाम आला होता. "संध्याकाळी मंडळींना सोडायला गेलो. राहिलं. रात्री तो पुसला गेला. पाचव्या दिवशी त्याचा आणखी वाईट आला. आता घातला असता तर विचारलं असतं, काल छान होती ना?"

"म्हणून सहाव्यालाही."

"वाटलं, बसेल. औषधं चालू होती. बसतं कधीकधी."

"म्हणजे रोज सकाळी साडेसातला," मेट्रनबाई एकेक शब्द मोजून म्हणाल्या, "तुम्ही त्याची खरी जखम उघडत होतात. बघत होतात. मग तिच्यावर स्वतःचं पोट लावत होतात. ह्या सिस्टरला ती दिसली नाही. डॉक्टरांना दिसली नाही. त्याच्या मुलीला छान म्हणून कळवलं गेलं. अख्ख्या दवाखान्यात ती जखम चिघळताना बघणारा माणूस एकच होता. आणि तुम्ही ह्या पोरीच्या नावाने पत्र टाइप केलंत."

"मला त्या फोटोंची फार किळस यायची हो," साहेब पुटपुटले, जणू ती सबब होती.

शिंप्याची मुलगी म्हणाली, "बाबांना पण यायची. ते तरी मोजायचे."

मोठ्या डॉक्टरांनी ते तयार पत्र घेतलं, धाकटीच्या नावावर रेघ मारली आणि वर दुसरं नाव लिहिलं. सही केली. मग शिपायाला सांगितलं, "पोलिसांना फोन लाव. आणि साहेबांच्या खोलीतल्या संगणकाला कुणाला हात लावू देऊ नकोस." धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

रंगारी दाराशी घुटमळला. "मॅडम, ते बटण मी आजच काढतो. वेळही परत घालतो. आणखी काय सुचवाल?"

"त्यात वास येत नाही तुमच्या," मेट्रनबाई म्हणाल्या. "येत नाही तोवर पेशंट वास येतो म्हणाला की त्याला आत घ्यायचं. एवढं मोठ्या अक्षरात लिहा. रंग कुठलाही द्या."

मोठे डॉक्टर वही चाळत होते. शेवटच्या पानावर ते थांबले. ते पान मेट्रनबाईंनी सकाळी वाचलं होतं आणि दिवसभरात कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. अक्षर वाकडंतिकडं झालं होतं, रेघ सोडून खाली उतरलं होतं.

डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचलं, कारण ते कुणीतरी वाचायला हवं होतं.

"'आठवा दिवस. साडेचार इंच. टेप धरवत नाही. दवाखाना म्हणतो छान. माझंच माप चुकत असेल.'"

त्यांनी वही मिटून मुलीच्या हातात दिली. मेट्रनबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि पडद्याची वायर ओढून काढली.